सरूच्या तलावाचा खर्च

॥ श्री ॥
वरसे, ता. रोहा
१४ फेब्रुवारी १९९९

ती. सगुणाबाय,

सरूचा तुला आणि दाजींना नमस्कार. दिवाळीनंतर तुझं पत्र नाही. काही वाईट असतं तर तुझ्या नाथाने कळवलं असतं, अशी मीच माझी समजूत घालते.

यांची तब्येत आता चांगली आहे. बायपास होऊन दीड वर्ष झालं. सकाळी चालत रोह्याच्या बाजारात जातात, कोथिंबिरीची एक जुडी घेऊन चालत येतात आणि आज किती मिनिटं लागली ते मला सांगतात. कंपनीतून वेळेआधी निवृत्ती घेतल्यापासून यांच्या घड्याळाला एवढंच काम उरलं आहे.

आता बातमी. ऐकून हसशील. घराच्या मागे भेंडी-वांगी लावत होते ना, त्या जागी आम्ही पोहण्याचा तलाव बांधला. व्हय, सिनेमात असतो तसा निळा! अठरा फूट लांब, दहा फूट रुंद, चार फूट खोल. सगळं वरसे येऊन बघून गेलं. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या, "एवढ्या पाण्यात दोन म्हशी तरी धुवून निघाल्या असत्या."

डॉक्टरांनी यांना पाण्यातला व्यायाम सांगितला म्हणून करावं लागलं. नदी जवळ आहे, पण तिचं पाणी कधी वाढेल त्याचा नेम नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला तिथे कोण उतरू देणार?

खर्चाचं मात्र विचारू नको. हिरामण मिस्त्रींनी कोलाडजवळ मुंबईकरांच्या बंगल्यांत असे दोन तलाव बांधलेत. त्यांनी आधी एक लाख वीस हजार सांगितले. खणायला घेतलं आणि तीन फुटांवर काळा कातळ लागला. तो फोडायला माणसं निराळी, त्यांची मजुरी निराळी. मग सळया वाढल्या. का, तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणी खालून ढकलतं आणि रिकामा तलाव होडीसारखा वर उचलला जातो! मला वाटलं फसवतायत, पण कंपनीतल्या एका इंजिनिअरने खरं आहे म्हणून सांगितलं. त्यानंतर गळती होऊ नये म्हणून आतून लेप, निळ्या फरश्या, मुंबईहून आणलेला पंप आणि वाळूचा फिल्टर. पंप आणि फिल्टरचेच अडतीस हजार. हिरामण रोज संध्याकाळी हात धुताना म्हणायचे, "वहिनी, एक बोलायचं होतं." ते ऐकलं की हे उठून आत जायचे. शेवटी एक लाख ऐंशी हजार झाले. वर दर महिन्याला पाण्यात टाकायचं औषध आणि विजेचं बिल.

एवढे पैसे कुठून आले, म्हणशील. जमलं. भेटीत सांगेन.

मे महिन्यात दाजींना घेऊन ये. पापड-फेण्या काही आणू नको, नुसती ये.

तुझी,
सरू


पेण
१ मार्च १९९९

चि. सरूस आशीर्वाद.

पत्र मालू लिहिते आहे. मी बोलते तसंच लिही, सुनेची हुशारी घालू नको, असं तिला बजावलंय.

तुझं पत्र नाथाने वाचून दाखवलं. त्या म्हशींच्या बोलण्याला तुझे दाजी हसले, मी पण हसले. मग नाथा म्हणाला, "आये, एक लाख ऐंशी. आपल्या जमिनीचे मावशीच्या वाट्याला एक लाख पंचाऐंशी आले होते ना?"

मी त्याला गप बस म्हटलं. मला काय झोप लागली नाय.

सरू, त्या साली तू आमच्या ओट्यावर बसून रडलीस. भावजींच्या काळजाचं ऑपरेशन, मुंबईचं हॉस्पिटल, हातात पैसा नाय. बाबांची खाडीकाठची दीड एकर खारी जमीन आपल्या दोघींच्या नावावर होती. नाथा ती कसत होता. तो नको नको म्हणाला. मी माझ्या पोराला बोलले, माणूस जातंय आणि तुला भाताची पडलीय? आणि सही केली. आता तो वडखळला दुसऱ्याच्या टेम्पोत माल चढवायला जातो. माझ्या वाटणीच्या पैशातनं घरावर स्लॅब टाकला, ते खोटं नाय. पण सकाळी उठून बांधावर जायची माझी सवय गेली नाय. अर्ध्या वाटेवर जाते नि आठवतं, आता ते आपलं नाय. परत येते. नाथाने मला एक शब्द लावला नाय. लावला असता तर बरं झालं असतं.

मला एकच विचारायचंय. ऑपरेशनला ते पैसे लागले का नाय? व्हय का नाय, एवढंच लिही. मे महिन्याचं मग बघू.

सगुणा


वरसे
९ मार्च १९९९

सगुणाबाय,

नाही. लागले नाहीत.

एवढंच लिहून पाकीट चिकटवलं होतं. मग पुन्हा फोडलं. तू एवढंच विचारलंस, पण मला एवढंच सांगून सुटता येणार नाही.

ओट्यावर मी रडले ते खोटं नव्हतं. हॉस्पिटलने दीड लाख भरा म्हणून सांगितलं होतं आणि घरात सगळे मिळून चाळीस हजार होते. जमिनीचे पैसे हातात आले, आणि ऑपरेशनच्या चार दिवस आधी कंपनीचं पत्र आलं की सगळा खर्च कंपनी करणार. त्या पत्राला मी हळदकुंकू लावलं. जमीन तर तेव्हा गेलीच होती, तरी तुला त्याच दिवशी कळवायला हवं होतं. म्हटलं, यांना घरी आणू, मग लिहू. घरी आणलं. म्हटलं, टाके सुकू देत. महिना गेला. महिन्यानंतर लिहायचं तर महिनाभर का गप्प बसले तेही लिहावं लागणार. असं करत वर्ष गेलं. पैसे बँकेत पडून होते. पासबुक कपाटात साड्यांच्या खाली ठेवायचे, म्हणजे दिसायला नको.

आता दुसरं. डॉक्टरांनी यांना चालायला सांगितलं होतं. पाण्याचं त्यांनी नावही काढलं नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं. तुला जसं सांगितलं तसंच यांनाही सांगितलं. तलाव मला हवा होता, बाय. माझ्यासाठी.

भरतीच्या वेळी मी खाडी पार करून पलीकडच्या तिवरांच्या झाडांना हात लावून यायचे ते तुला आठवत असेल. चौदाव्या वर्षी तू बांधावर येऊन म्हणालीस, "आता पुरे. मोठी झालीस." मी तुझं ऐकलं. मग लग्न होऊन इकडे आले, भातशेतीवाल्यांच्या घरात. सासूबाई नदीवर कपडे धुवायला पाठवायच्या, पण पाणी गुडघ्याच्या वर गेलेलं त्यांना खपायचं नाही. पस्तीस वर्षं मी नदीच्या गावात राहते आहे आणि माझं डोकं एकदाही पाण्याखाली गेलं नव्हतं. कोणी मुद्दाम छळलं नाही. कोणाला माहीतच नव्हतं.

गेल्या पावसाळ्यानंतर कोलाडला यांच्या एका मित्राकडे गेलो होतो. शेजारच्या बंगल्यात हिरामण फरश्या बसवत होते. मालक मुंबईला. तलाव अर्धा भरलेला. मी काठावर बसून पाय सोडले, आणि हे हाका मारत होते तरी मला उठवेना. घरी येताना रिक्षातच यांना डॉक्टरांचं ते खोटं सांगितलं. हे म्हणाले, "पैसे तुझ्या बाबांचे आहेत, तू ठरव." त्यांना वाटत होतं, पैसे उरल्याचं तुला केव्हाच कळवलं आहे.

तलाव भरायला बोअरिंगचा पंप चार दिवस चालवावा लागला. पाचव्या दिवशी दुपारी हे झोपले होते. मी जुनं नऊवारी काढलं, घट्ट कासोटा मारला आणि उतरले. गोडं पाणी खाडीच्या पाण्यासारखं उचलून धरत नाही गो. पहिल्यांदा बुडालेच. नाकातोंडात पाणी गेलं. वाटलं, संपलं, बावन्न वर्षांच्या बाईला आता काय येणार? पण पाय आपोआप हलायला लागले. चार हात मारले की भिंत. वळायचं, पुन्हा भिंत. किती वेळा वळले मला माहीत नाही. तोंड पुसून वर बघते तर हे काठावर उभे.

"तू पोहतेस?"

"व्हय."

"कधीपासून?"

"सात वर्षांची होते तेव्हापासून."

हे तिथेच ओल्या फरशीवर बसले. म्हणाले, "मला कधी बोलली नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही कधी विचारलं नाहीत." डॉक्टरांचं ते खोटं त्यांना तेव्हाच कळलं असणार. आत जाऊन टॉवेल घेऊन आले.

तुझं पत्र आलं ते यांनीच उघडलं. मी चपात्या लाटत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारलं, "बायला कळवलं नव्हतंस?" मी लाटणं खाली ठेवलं. ते म्हणाले, "दिवाळीला मी तिच्या पाया पडलो. तिला वाटलं असेल हा माझ्या जमिनीवर जगला. मी मान खाली घालून तो मान घेतला, सरू." दोन दिवस वाढलेलं ताट तसंच ठेवून उठले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लिही. सगळं लिही. मी वाचणार नाही."

म्हणून लिहिते आहे.

दागिना असता तर मोडून पैसे पाठवले असते. तलाव मोडून पैसे येत नाहीत. बुजवायलाही पैसेच लागतात, मी हिरामणना विचारून बघितलं. जमीन मी परत आणू शकत नाही. नाथाच्या सकाळी मी परत देऊ शकत नाही, तुझ्याही नाहीत.

आणखी एक सांगायचं आहे, ते लिहू की नको असं झालं होतं. कंपनीच्या कॉलनीतल्या बायका गेल्या महिन्यात विचारायला आल्या, आमच्या मुलींना शिकवाल का म्हणून. आता रोज दुपारी चारला पाच मुली येतात. त्यातली एक, सात वर्षांची, पाण्याला एवढी घाबरायची की पायरीवर बसून नुसती रडायची. काल ती पायरीपासून समोरच्या भिंतीपर्यंत एकटी गेली. भिंतीला धरून तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं. बाय, एवढा आनंद मला माझ्या रघूच्या जन्मानंतर झाला नव्हता. तुला दुखवून मिळालेल्या गोष्टीत मला आनंद होतो. हे तुझ्यापासून लपवलं तर ते पुन्हा खोटंच होईल, म्हणून लिहिलं.

शिव्या दे, पण लिही. गप्प राहू नको. गप्प राहून काय होतं ते मी केलं आहे.

सरू


पेण
२१ मार्च १९९९

सरू,

पत्र मालूकडून चार वेळा वाचून घेतलं. तिचा घसा बसला.

कंपनी पैसे भरणार हे जमीन विकताना कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढं मला समजतं. नंतर दीड वर्ष तू गप बसलीस, ते समजत नाय. त्याला वेळ लागंल. लवकर समजंल असं मी लिहून देणार नाय.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाय. मोठी झालीस म्हणून मी तुला खाडीतनं काढलं नव्हतं. ते नुसतं तोंडाने बोलले. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची. तू उडी मारलीस की मी बांधावर उभी राहून तुझं डोकं शोधायचे. मला पोहता येत नव्हतं गो. तू बुडालीस तर मी काय करणार होते? त्या दिवशी भरती मोठी होती. तू किती तरी वेळ दिसली नायस. मी ओरडत मिठागरावर बाबांना बोलवायला धावले, पायाला शिंपले लागून रक्त आलं. परत येऊन बघते तर तू पलीकडं तिवरात बसून हसत होतीस. तेव्हा मी बोलले, पुरे. मला भीती वाटते असं कसं सांगणार? मी मोठी बहीण. मग मोठी झालीस असं बोलले, आणि तुला ते खरं वाटलं.

तुला एवढी वर्षं पाण्याची आस होती हे मला माहीत असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. काय पण केलं नसतं बहुतेक. पण विचारलं तरी असतं.

तरी माझ्या त्या खोट्यात कोणाची जमीन गेली नाय, हे पण ध्यानात ठेव.

नाथाचं सांगते. त्याने आणि त्याच्या दोन दोस्तांनी गावातलं एक तळं भाड्याने घेतलंय. त्यात जिताडे मासे सोडणार हायत. टेम्पोवरचं काम पावसाळ्यापर्यंत ठेवायचं, मग सोडायचं, असा त्याचा विचार हाय. रात्री जेवताना तळ्याचंच बोलतो. खूप दिवसांनी त्याला एवढं बोलताना ऐकलं.

तुझं पत्र मी त्याला दाखवलेलं नाय. ते माझं काम नाय.

तेव्हा असं कर. येत्या रविवारी इकडे ये. भावजींना आणू नको, एकटी ये. नाथा दुपारी घरी असतो. त्याच्यासमोर बस आणि मला लिहिलंस ते तोंडाने सांग. तो बोलंल ते ऐकून घे. मी मध्ये पडणार नाय, तुझ्या बाजूने नाय आणि त्याच्या पण नाय. नंतर आपण सगळी जेवू. सोमवारी सकाळच्या एसटीने मी तुझ्याबरोबर रोह्याला येते. आठ दिवस राहीन.

चार फूट पाणी माझ्या कुठवर येतं ते मालूने टेप लावून बघितलं. खांद्याच्या जरा खाली. तेवढ्यात मी उतरीन. साठ वर्षांची झाले तरी माझी भीती गेलेली नाय, तेव्हा मला एकटीला सोडून पलीकडं जायचं नाय, आधीच सांगून ठेवते.

तुझ्यावर रागावलेली,
आणि रविवारी रस्त्यावर एसटीची वाट बघणारी,
तुझी बाय,
सगुणा