खांडी नदीची पाहणी

२ मे, शनिवार

समिती बारा तारखेला येणार — नक्की झालं! मोनालीचा फोन आला तेव्हा ती खूश आहे की घाबरली आहे, कळेना. भाची माझी, नद्यांचा अभ्यास करते, पण आवाज थेट तिच्या आईचा. चांगली बातमीसुद्धा तक्रार केल्यासारखी सांगते.

खांडी नदी चितेगावच्या पुढं, निर्गुडवाडीच्या अंगाला. पावसाळ्यात वाहते, दिवाळीनंतर थांबते. शहराभोवतीच्या नद्या राखायची योजना चालू आहे. तिच्यात खांडी घ्यायची की नाही, हे समिती डोळ्यांनी पाहून ठरवणार. घेतली तर पात्राला हात लावता येणार नाही, काठच्या पट्टीत नांगर नाही, बांधकाम नाही. नाही घेतली तर बाह्यवळण रस्ता थेट पात्रातून. सपाट, मोकळी जागा — कुणाचं घर पाडायला नको! रस्तेवाल्यांच्या नकाशात तिथं नदीच नाही. त्यांनी मोजणी एप्रिलात केली.

आमच्या न्यायदर्शनात अभाव हासुद्धा एक पदार्थ मानतात. नकाशे काढणारे मानत नाहीत.

४ मे, सोमवार

मोनालीबरोबर खांडीवर. ऊन असं की सावलीलाच सावली हवी होती.

तिचा सहकारी संघपाल पुढं. मधेच हात आडवा करून थांबवलं — पायापासून हातभर अंतरावर टिटवीची अंडी. घरटं वगैरे काही नाही, नुसत्या गोट्यांत गोटे. मी तुडवलीच असती! पुढं दोन डोह. पाणी काकवीसारखं घट्ट, त्यात मरळ मासा आहे म्हणतात. मला बुडबुडे दिसले. बाकी लव्हाळा, निर्गुडी. मोनालीनं हातानं वाळू उकरली तर वीतभर खाली ओल. या ओलीत बेडूक, गोगलगायी दडून बसतात. पहिलं पाणी आलं की वर येतात. ती तीन उन्हाळे हेच नोंदवते आहे.

मी म्हटलं, पण लोकांना कोरडंच दिसणार.

‘शहागंजात शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी शटर खाली असतं, मामा. म्हणून कुणी दुकानातून रस्ता काढतं का?’

मी तिला प्रागभाव समजावला — मडकं घडण्याआधी मातीत मडक्याचा जो अभाव असतो, तो. खांडीतलं पाणी आत्ता तसं आहे. नाही, पण येऊ घातलेलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, समितीसमोर तू बोलू नकोस.

येताना सरपंचांकडं चहा. आप्पासाहेब — आडवा बांधा, मिश्कील डोळे. मला पंडितजी म्हणतात आणि त्यात आदर किती, थट्टा किती, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही. त्यांनाही नदी हवी आहे. पात्रावर डांबर पडलं तर गावच्या विहिरींत झिरपणार काय? त्या पट्ट्यात काठाला गायरान, त्यामुळं गावात कुणाची हरकत नाही.

मोनाली त्यांना म्हणाली, साहेबांना नदी नीट दिसली पाहिजे.

‘काळजी नका करू, ताई. समदं गाव लावतो.’

७ मे, गुरुवार

मोनाली गारखेड्याला आमच्याकडं जेवायला आली. जेवली नाही. ती गेल्यावर माझी बायको सुलेखा ताट आवरताना म्हणाली, नदी नापास झाली तर ही पोरगी उठायची नाही.

९ मे, शनिवार

खांडीवरचा माझा लेख आमच्या पेपरात छापायला दिला. डेस्कवरच्या पोरानं फोटो बघून विचारलं, सर, पाणीटंचाईच्या पानावर टाकू का? नको म्हटलं. मग टाकायचा कुठं, त्याला सुचेना. तोही नकाशावालाच.

११ मे, सोमवार

सकाळी संघपालचा फोन. आवाज अगदी खाली. ‘सर, मॅडमला घेऊन या. नदी साफ केली.’

मला वाटलं प्लॅस्टिक उचललं असेल. तिथं पोहोचेपर्यंत तसंच वाटत होतं.

शनिवार-रविवार जेसीबी चालला. पात्र एका पातळीत सपाट. काठ सरळ कापलेले, कालव्यासारखे. डोह बुजवले — साहेबांचा पाय जाईल म्हणून! लव्हाळा, निर्गुडी मुळासकट उपटून एका ढिगात पेटवलेली, धूर अजून निघत होता. गोटे उचलून काठाला ओळीनं मांडले आणि त्यांना गेरू-चुना फासला. दोन बांबूंवर फलक — ‘खांडी नदी आपले सहर्ष स्वागत करीत आहे.’ बायका खराट्यानं पात्र झाडत होत्या. त्यांच्यातल्या भागूबाईंनी तर दारापुढं काढावी तशी उतारावर रांगोळी काढली होती.

गावात साहेब येणार म्हटलं की शाळा झाडतात, दवाखाना झाडतात. नदी बघायला येणार — नदी झाडली. यात चूक कुठं दाखवायची?

आप्पासाहेब घामानं भिजलेले, फार आनंदात. ‘बोला ताई! आता कोण म्हणंल इथं नदी नाय?’

मोनाली मटकन खाली बसली. वर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या. गावकऱ्यांना वाटलं, ऊन लागलं. पाणी आणायला पळाले.

फुटल्या मडक्याच्या अभावाला आमच्याकडं प्रध्वंसाभाव म्हणतात. करायला गेले गणपती, झाला मारुती — आणि त्या मारुतीलाही चुना.

परतताना गाडीत संघपाल म्हणाला, ‘मॅडम, गप ऱ्हायचं. साहेबांना असलंच आवडतं. पास व्हईल. पास झाली की कागदावर तरी वाचली. दोन-चार पावसाळ्यांत थोडं परत येईल.’ त्याचं म्हणणं चुकीचं नाही.  मोनालीनं मला विचारलं, मामा, तू काय केलं असतंस?

 

१२ मे, मंगळवार

आले. अध्यक्ष गाडीतून उतरले, पात्र पाहिलं आणि चेहरा खुलला. किती स्वच्छ, म्हणाले. लोकसहभाग म्हणतात तो हा. बाकीच्या नद्याही अशाच करून घेऊ. सोबतच्यांनी माना हलवल्या. आप्पासाहेब शाल-नारळ घेऊन पुढं झाले. संघपालनं माझ्याकडं पाहिलं — झालं काम, अशा नजरेनं.

मला वाटतं, ‘बाकीच्या नद्याही’ हे शब्द तिला लागले.

‘सर,’ मोनाली म्हणाली, ‘तुम्ही जे राखायला आलात ते शुक्रवारपर्यंत इथं होतं.’

आणि सगळं सांगितलं. डोह, अंडी, ओल. आवाज चढवला नाही, गावाला दोषही दिला नाही. मीच नीट समजावलं नव्हतं, म्हणाली.

अध्यक्षांचा चेहरा हळूहळू बंद झाला. ‘म्हणजे आता राखण्यासारखं काही उरलं नाही, असंच ना?’

‘या पट्ट्यात नाही.’

सोबत आलेल्या रस्तेवाल्या अभियंत्यानं तेवढंच तत्परतेनं टिपून घेतलं. निर्णय सोमवारी.

भागूबाई मागून म्हणाल्या, ‘उन्हातान्हाचं मरमर करा, आन् वर हे ऐका.’ आप्पासाहेब त्यांना गप्प बसा म्हणाले नाहीत. शालीची घडी घालत राहिले. घालायची, मोडायची, परत घालायची. मला पंडितजी म्हणून हाक नाही. निरोपही नाही.

१३ मे, बुधवार

मोनालीचा फोन बंद. आप्पासाहेब उचलत नाहीत. बातमी लिहिली — ‘खांडी योजनेबाहेर जाण्याची चिन्हं’. उद्या देईन.

१४ मे, गुरुवार

पहाटेच आप्पासाहेब दारात. चपला काढल्या, पण आत येईनात. मोनालीला बोलवा म्हणाले. सुलेखानं जाऊन तिला आणलं. तिच्याकडं न बघता, माझ्याकडं बघून बोलले:

‘वरच्या अंगाला, आमच्या वावराखाली नदी हाय अजून. डोह हाय, टिटवी हाय, समदं. वाट नाय, काटवन हाय, असं सांगून ताईला तिकडं जाऊच दिलं नाय मी. म्हटलं, नोंद झाली की काठचं वावर गेलं. घ्या आता लिहून. फकस्त पेपरात नको, पंडितजी. भावाला अजून बोललो नाय. त्याचं बी वावर हाय त्यात.’

मोनाली बूट घालते आहे. बातमी फाडली.