अजिंठा, आमच्या रूटने

गुरुवार, १८ डिसेंबर
ठरलं! शनिवारी लोणारचं विवर, रविवारी सकाळी ज्ञानगंगा अभयारण्य, दुपारी अजिंठा. आईला तिथला महापरिनिर्वाणातला बुद्ध पाहायचाय. तिचे गुडघे बघता आता नाही तर कधीच नाही. घरात प्लॅनिंग जमणारा माणूस एकच, तो म्हणजे मी.

शुक्रवार, १९ डिसेंबर
रूटसकट स्टेटस टाकलं. कौतुकाचे फोन! केनवडची भागिरथा मावशी म्हणाली, "आमच्या दारावरून जाशीन अन् चाय नाई घेशीन? मंग मावशी कायले म्हनतं?" मेहकरचा साडू अमरदीप, चिखलीची आत्या, सगळ्यांना हो म्हटलं. नुसता चहा, दहा-दहा मिनिटं. सपनाच्या मते दहा मिनिटांत कोणी सोडत नाही. बायकोचा स्वभावच निगेटिव्ह.

शनिवार, २० डिसेंबर, रात्री, मेहकर
सहाला निघणार होतो. गाडी पुसण्यात साडेआठ. केनवडला चहा, तुरीच्या उकडलेल्या शेंगा. उठतो तर मावशीने गोवऱ्या पेटवलेल्या. रोडगे! ते निखाऱ्यात भाजेपर्यंत दुपार टळली. नाही म्हणायला मी काय दगड आहे?
लोणारला पोचलो तेव्हा अंधार. धम्मदीपा विचारते, "बाबा, पानी कुठी हाय?" म्हटलं, इमॅजिन कर.

रविवार, २१ डिसेंबर, चिखली
साडूकडे नाश्ता, मग त्याच्या शेजाऱ्यांकडे नाश्ता. इथे आत्याने मटण टाकलेलं. शिवाय आईला साडी नेसवल्याशिवाय पाठवणार नाही म्हणाली आणि साडी आणायला बाजारात गेली. आली दिवेलागणीला. जंगल रद्द. पण येताना रस्त्यात माकडं दिसली, तेव्हा अभयारण्य झालं असं धरायला हरकत नाही. आई न जेवताच आडवी झाली. दमली असेल.

सोमवार, २२ डिसेंबर, अजिंठा
लेणी सोमवारी बंद. पार्किंगवाल्यावर ओरडलो. आई गाडीतून उतरली, डोंगराकडे बघून हात जोडले, पुन्हा येऊन बसली. मला फार वाईट वाटलं. पण लेण्यांची सुट्टी काही मी ठरवत नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर
निश्चय! येत्या रविवारी पुन्हा. कोणाला सांगायचं नाही. फक्त मावशीला कळवलं, नाहीतर रुसेल.

रविवार, २८ डिसेंबर
विहारातल्या बायांची बस पहाटे अजिंठ्याला गेली. आई, सपना, धम्मदीपा माझा प्लॅन सोडून तिच्यातच. एक सीट रिकामी होती. मी बॅग घेऊन पायरीपर्यंत चढलो. आईने खांद्यावर हात ठेवला. "तू नोको येऊ, बापा. तू आला का आमी पोचत नाई."
दुपारी सपनाचा फोन. आई आधी रडली म्हणे, आता बुद्धाच्या पायाशी शांत बसून आहे. म्हटलं, जरा व्हिडिओ कॉल लाव, मलाही आईला बघू दे. सपना म्हणाली, आत्ता तिला उठवायचं नाही, आणि फोन ठेवला.