स्पीकर उसवला, पुन्हा शिवला

सोमवार, ४ तारीख. सकाळ.
आणि वर मलाच म्हणतात, वहिनी रागावू नका! रागावू नको तर काय करू? काल धाकटे भाऊजी चहा प्यायला आले आणि माझ्या देखत ह्यांना म्हणाले, दादा, एवढी चांगली म्युझिक सिस्टीम शिलाई मशीनशेजारी सडतेय, आवाजाची पार वाट लागलीय, माझ्या हॉलमध्ये पाठवून दे. आणि आमचे हे काय म्हणाले? बघू. बघू! दिवसभर मशीनवर बसून लोकांच्या पँटी आखूड करते मी, गाणी ऐकते मी, आणि बघणार हे!
शेवटी ठरलं. रविवारी भाऊजी परत येऊन ऐकणार. तोवर मी आवाज सुधारला तर सिस्टीम इथेच. नाहीतर त्यांच्याकडे. मी म्हटलं रविवार कशाला, बुधवारीच या. हे घाईघाईने म्हणाले, रविवारच बरा.

सोमवार, दुपार.
कुठलीही वस्तू उसवल्याशिवाय तिचा दोष कळत नाही. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. डाव्या स्पीकरचे मागचे स्क्रू काढले. आत बघते तर काय, कापूस! पांढरा, गुबगुबीत, ठासून भरलेला. तरीच! तोंडात बोळा कोंबल्यावर कोण गाईल? सगळा उपसला. उजव्यातलाही उपसला. माल मात्र एक नंबर. बँकेतल्या साहेबांच्या कोटाचे खांदे भरायचेच होते, त्यात घातला.
अर्ध्या दिवसात काम फत्ते. उगाच लोक मेकॅनिक बोलावतात.

मंगळवार, ५.
आवाज मोठा झाला. लेक म्हणते, आई, ही बाई पिंपात डोकं घालून गातेय. आजकालच्या पोरींना मोकळा आवाज ऐकायची सवयच नाही. पण थोडं घुमतंय हे खरं. पुढचं कापड फार विरळ आहे, दुसरं काही नाही. सुटिंगचा जाड तुकडा होता. दोन्ही स्पीकरना नवीन तोंडं शिवली. आतून अस्तर, दुहेरी शिलाई. बघत राहावं असं झालंय.
संध्याकाळी हे आल्या आल्या विचारतात, शेजारी गाणं लागलंय का? मी अजिबात बोलले नाही. जेवताना बोलले.

बुधवार, ६.
अस्तर काढलं. सुटिंग राहू दिलं. आता डावा स्पीकर खर्रर्र करतो. काल करत नव्हता, परवा करत नव्हता. कंपनीने हलका माल दिलाय, आता कळलं.

गुरुवार, ७.
रिपेअरवाला आला. स्पीकर उघडला आणि आत बोटं फिरवली. मग विचारलं, ताई, आतला कापूस? मी म्हटलं, तुम्ही खरखर बघा. त्याने आतल्या गोल लोहचुंबकावरून एकेक करून टाचण्या काढल्या. अकरा. उसवताना टाचण्या ओठात धरायची सवय आहे माझी, बोलताना पडल्या असतील. आत लोहचुंबक असतो हे मला कोणी सांगितलं होतं? त्याने विचारलं, या टाचण्या कोणाच्या? मी म्हटलं, आधीच्या मालकाच्या. सिस्टीम आम्ही कोरी घेतली होती, पण ते त्याला कशाला सांगा.
म्हणाला, कापूस परत भरा, नाहीतर आवाज असाच घुमणार. जाताना सुटिंगवर हात फिरवून म्हणाला, शिलाई मात्र झकास आहे. माणूस तसा जाणकार.

शुक्रवार, ८.
साहेब कोट घालून गेले. खांद्यांवर बेहद्द खूश. आता काय त्यांचे खांदे उसवू? चार पिशव्या चिंध्या होत्या, त्या भरल्या. कापूस काय, चिंध्या काय, शेवटी सूतच ना.
लेक म्हणते, आता त्या बाईचा घसा बसला. आणि म्हणते, आई, एकदा मशीन बंद करून तरी ऐक. घ्या! मशीन बंद करून गाणी ऐकत बसायला मी काय रिकामटेकडी आहे?

शनिवार, ९. सकाळ.
सगळं जमलंय. आता स्पीकरला हात लावायचा नाही.

शनिवार, दुपार.
थोडा लावला.

रविवार, १०.
भाऊजी आले, जाऊबाई आल्या. मी मशीनवर बसले आणि म्हटलं, हं, लावा. हे म्हणाले, तू उठू नकोस, मी लावतो. आणि गाणं सुरू झालं. अहाहा! माझा पायच थांबला. एकेक सूर वेगळा, उजेडात टाके मोजावेत तसा. मी म्हटलं, ऐका भाऊजी, याला म्हणतात आवाज! कापूस काढल्याशिवाय हे होत नाही! जाऊबाईंनी मान डोलावली. भाऊजीही म्हणाले, वहिनी, मानलं.
तेवढ्यात गाणं थांबलं आणि स्पीकरची रिंग वाजायला लागली.
लेक पळत आली, स्पीकरच्या मागून तिचा मोबाईल काढला आणि मैत्रिणीशी बोलत आत गेली. सिस्टीमचा प्लग लावलेलाच नव्हता. ह्यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते. म्हणाले, सकाळी गुपचूप ऐकून बघितलं गं. ऐकवेना. म्हटलं, सिस्टीम गेली तर तू दिवसभर काय ऐकशील?
म्हणजे बघूचा अर्थ हा होता. आधी बोलायला काय झालं होतं या माणसाला?
भाऊजी डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, वहिनी, तुमचं तर मोबाईलवर भागतंय की! आणि सिस्टीम उचलली. चिंध्यांसकट.

सोमवार, ११.
लेक मोबाईल घेऊन कॉलेजात गेली. घरात नुसतं खटखटखटखट. हे मशीन एवढा आवाज करतं? कधीपासून?
पण मी नीट विचार केलाय. काल माझी सिस्टीम ऐकली कोणी? कोणीच नाही. परीक्षा झाली मोबाईलची. मग मी हरले कशी? ह्यांना पटलं. निदान मान हलवली.
भाऊजींना निरोप धाडलाय. एकतर सिस्टीम इकडे येईल, नाहीतर शुक्रवारी माझं मशीन तुमच्या हॉलमध्ये येईल आणि मी तिथे बसून रोज सकाळी नऊ ते सहा पँटी शिवीन. खिडकीखालचा सोफा हलवावा लागेल. काय ते गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवा. बघू म्हणायचं नाही.