रांगून पाहिलेलं घर

३ जून
दत्तक संस्थेतल्या ताई गुरुवारी घर बघायला येणार! मुलगी अडीच वर्षांची आहे, एवढंच कळलंय. घर पसंत पडलं तर ती आमची. नाहीतर पुन्हा वाट बघणं — आणि आता चाळिशी उलटल्यावर वाट बघायचाही कंटाळा येतो.
दिवसभर घासते आहे. खिडकीच्या खाचांतली धूळ जुन्या टूथब्रशने काढली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, घर बघायला येतायत, ऑपरेशन करायला नाही.”

४ जून
आज आमची स्वारी घरभर रांगली. “तिच्या उंचीवरून बघायला हवं,” म्हणे. टेबलाचा कोपरा नेमका डोळ्यापाशी येतो. पलंगामागे एक प्लग उघडाच. गॅसची नळी कधी बदलली होती, दोघांनाही आठवेना — लगेच बदलली.
सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. “लहानपणी रांगला नाहीस, एकदम चालायलाच लागलास. घे हौस फेडून.”
हसून हसून पोट दुखलं. टेबलाच्या कोपऱ्यांना फोम लावताना उगीच डोळे भरून आले.

६ जून
ताईंनी फरशीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, सिंकखालचं दार उघडलं. आत सरबताची बाटली. वर गुलाबाचं चित्र, आत गुलाबी पाणी.
“हे काय आहे?”
फरशी पुसायचं औषध. मोठ्या कॅनमधून ओतणं जड जातं, म्हणून मीच रिकाम्या बाटलीत भरलेलं.
“तुम्हाला माहीत आहे. तिला कोण सांगणार?”
माझ्या तोंडचं पाणीच पळालं. ताई चहा न घेताच गेल्या.

७ जून
जेवण गेलं नाही. फरशी चकचकीत आहे. तिचाच राग येतोय.

८ जून
बाटली फेकली. औषधं, साबण, फवारे — सगळं आपापल्या डब्यांत, वरच्या कपाटात, कुलपात. सासूबाईंनी उशाशी असलेली गोळ्यांची डबीही आपणहून आणून दिली.
किल्ली स्वारीने इतकी उंच टांगली की मला स्टूल लागतं. “मुलीची सोय केलीस,” सासूबाई म्हणाल्या, “बायको पडली तर?” खिळा खाली आला.
मग धीर करून ताईंना फोन केला. सगळं सांगितलं. पुन्हा याल का, विचारलं.
“सोमवारी येते. टेबलाचे कोपरे छान झाकलेत. त्या दिवशी सांगायचं राहून गेलं.”

१० जून
ताई आल्या. सगळी दारं उघडून पाहिली. गॅलरीची जाळी हाताने हलवून पाहिली. मग चहा मागितला — आपणहून! सासूबाईंना म्हणाल्या, “तुमची नात खोडकर आहे हं, आधीच सांगून ठेवते.”
नात म्हणाल्या. सासूबाईंनी टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. सोडेचनात.

१२ जून
सकाळी ताईंचा फोन. आवाज जरा दबका. छोटीची सख्खी बहीण सापडली आहे, सहा वर्षांची, दुसऱ्या संस्थेत होती. दोघींना आता वेगळं करायचं नाही, असं ठरलंय. “घाई नाही, घरात बोलून कळवा.”
फोन स्पीकरवर होता. मी तोंड उघडायच्या आत सासूबाई फोनच्या जवळ वाकून म्हणाल्या, “मोठी माझ्या खोलीत.”