बयनाचे हात भिंतीवर

१ डिसेंबर
डॉक्टर म्हणाला, उजवा डोळा गेला, आता डावाही जाणार. जाऊ दे! पण बयनाचं काय? बहीण जन्माची बहिरी. तिची हातांची बोली आम्ही दोघांनीच शेळ्या राखताना घडवली. सून साक्षीला त्यातलं पाणी अन् भाकर एवढंच कळतं. मला दिसेनासं झाल्यावर बयनानं बोलायचं कोणाशी?
लिहून ठेवतो. हात लिहायचे!

३ डिसेंबर
साक्षी म्हणे, “मामाजी, मोबाईलवर व्हिडिओ काढू ना!”
काढ बाई. पण मोबाईल माझ्या पोराच्या, संघपालच्या खिशात हिंडतो, अन् बयना चुलीपाशी. भिंत कुठं जात नाही. कोळसा घेतला. मूठ म्हणजे काळा गोळा, बोटं म्हणजे रेघा, हात जाईल तिकडं बाण. जमलं की!

७ डिसेंबर
कशाचं जमलं! साक्षीनं भिंतीवर वाचून “ये” केलं, तर बयना उठून बाहेर चालती झाली. मी समोर बसून दिसलं तसं काढलेलं — करणाऱ्याला सगळं उलटं! भिंत पोतली. पुन्हा काढलं, बयनाच्या बाजूनं.

११ डिसेंबर
आज भांडण! साक्षीनं “जेवल्या?” विचारलं, हात अगदी बरोबर. बयनानं ताट आपटलं. मला हातानं सांगते — मी उपाशी, अन् ही म्हणते जेवली!
अरे, भुवया! भुवया वर गेल्या तरच ते विचारणं. जन्मभर जिच्या तोंडाकडे पाहून बोललो, तिचं तोंडच काढायचं राहिलं.

१२ डिसेंबर
प्रत्येक हातावर एक तोंड काढलं. भुवयांसकट.

१९ डिसेंबर
मुद्दाम तलमडुगूच्या बाजारात दिवस काढला. घरी येतो तर दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या, अन् साक्षी पोट धरून हसून राह्यली!
“मामाजी, तुमी शेळीवर बसून नाल्यात पडले होते म्हणे!”
“कोण म्हणते?”
“आत्याबाई!”
पडलो होतो! बयनाशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. जिंकलो! नाक्यावर जाऊन सगळ्यांना चहा पाजला. काऊन म्हणून विचारत होते. म्हटलं, माझी बहीण बोलली!

२२ डिसेंबर
भिंतीवर नवी खूण. माझ्या हातची नाही. मिशीवरून फिरणारं बोट, वर हसरं तोंड. मलाच वाचता येईना! साक्षीला विचारलं.
“ते तुमचं नाव हाये, मामाजी. आत्याबाईनं काढलं.”
खरंच की. मला बोलवायचं तर बयना खांद्यावर हात ठेवते. माझं नाव घेऊन सांगावं असं तिला दुसरं माणूस होतंच कुठं — आजवर!