पहिलं म्हणजे कुठलं?

२० ऑगस्ट, इंडिक्टोस पंधरावं
मावशीने स्थळ आणलं! लेओन्तिओस, थेस्सलोनिकीच्या बंदरावर खारे मासे विकतो. "तिसऱ्या इंडिक्टोसातला जन्म गं, अन्थूसा!" वर्षांचा फेरा पंधराचा: पहिलं ते पंधरावं, मग पुन्हा पहिलं. या फेऱ्यातलं तिसरं धरलं तर बारा वर्षांचं पोर. म्हणजे मागच्या फेऱ्यातलं — सत्तावीस. मी एकोणीस. चालेल!
बाबा खूश. सप्टेंबरात पुन्हा पहिलं लागणार, मोजणीवाले येणार — शेत, गाढव, माणसं, सगळ्यांवर सारा. मी त्याआधी उजवलेली बरी. गाढव मात्र ठेवणार आहेत.

२३ ऑगस्ट
मुलगा पाहिला. मुलगा! पुढचे दोन दात गायब. तिसऱ्यातलाच — पण त्याच्याही आधीच्या फेऱ्यातला. बेचाळीस!
"मी खोटं कुठं बोलले?" मावशी म्हणते. तो बिचारा मान खाली घालून अंजीर खात बसला होता.

२४ ऑगस्ट
रडले. बाबांपुढे नाही.
बाबा गावाचे दस्त करून देतात, त्यामुळे व्याख्यान फुकट. "इंडिक्टोस म्हणजे सम्राटाची घोषणा. कुणी किती सारा द्यायचा, ते जाहीर करायचं. मग पंधरा वर्षांनी नवी मोजणी. लोक वर्षंही त्यावरच मोजायला लागले." आणि फेरा कितवा, ते का लिहीत नाहीत? "गरजच काय? सगळ्यांना ठाऊक असतं!"
होय तर! मावशीला चांगलंच ठाऊक होतं.

२८ ऑगस्ट
करार झाला. बाबांना जवळचं दिसत नाही, त्यांचे दस्त मीच लिहिते. ते बोलले ते जसंच्या तसं उतरवलं: "लग्न पहिल्या इंडिक्टोसात होईल. तोवर दोघांपैकी कुणीही दुसरीकडे लग्न करणार नाही." सह्या झाल्या. मावशीने निम्मं चीज एकटीने संपवलं.

१ सप्टेंबर, पहिलं
"चल, तारीख धरू," बाबा म्हणाले.
"पहिल्यात ना? बघू."
"अगं, हे पहिलंच की!"
"हेच पहिलं, असं कुठं लिहिलंय?"
बाबा लालबुंद! मावशीने छाती बडवून घेतली. आता सगळे बिशपांकडे.

९ सप्टेंबर
बिशप पोट धरून हसले. "करार मोडता येणार नाही. आणि मुलीला हे पहिलं नको असेल, तर पुढचं." जिंकले!
जाताना लेओन्तिओस एवढंच म्हणाला, "बरं. येईन." घरी येईपर्यंत मी हसत होते.

१ सप्टेंबर, पहिलं
हे पुढचं पहिलं. बाबा गेले, मावशीही गेली. पंधरा वर्षांत मला कुणी मागणी घातली नाही — घालणार कशी? करार मीच लिहिलेला. त्यालाही दुसरी करता आली नाही. याचा विचार मी तेव्हा केलाच नव्हता.
सकाळी मोजणीवाले येऊन गेले. माणूस एक, गाढव एक.
दुपारी दार वाजलं. केस सगळे पांढरे, हातात अंजिरांची टोपली.
"हेच ना पहिलं?"
हसायला गेले, जमलं नाही. "या," म्हटलं.