बिबड्यांचे चार भाव

पहूर, शुक्रवार

तीर्थरूप अभिमन नाना यांस,

द्वारकीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनीचा खोकला आणि पिंपळनेरची वीज, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. (नसतील तरी माझ्या पत्रानं काय होणार?) मी ठणठणीत आहे, गल्लीला तेच बघवत नाही.

नात कामिनी अर्थशास्त्रात एकदा नापास झाली, हे तुमच्या कानावर असेलच. पुन्हा आपटली तर तिचा बाप स्थळं बघणार होता. म्हणून मी चौथी शिकलेली बाई तिच्या पुस्तकाशी बसले. पहिलंच गणित असं, की ग्राहकाला चार केळी नि दोन बिस्किटं दिली काय, दोन केळी नि पाच बिस्किटं दिली काय, समाधान सारखंच. असा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आमचा जावई "काहीही चालेल" म्हणतो आणि मांडे दिसेपर्यंत पाटावर बसत नाही. पोरीला म्हटलं, हा ग्राहक खोटं बोलतोय, पुढचं घे.

पुढचं मूल्यभेदाचं. माल एक, गिऱ्हाईक बघून भाव वेगळा. हात्तिच्या! चाळीस उन्हाळे मी दुसरं काय केलं? ज्वारीचा घाटा शिजवून थापलेले, पापडासारखे बिबडे तेच, पण व्यापाऱ्याच्या कुसुमलताबाईंना तीनशे रुपये किलो (सांगायचे साडेतीनशे, त्या घासाघीस करतात), वना गुरुजींना दोनशे ऐंशी, शेजारच्या मंदाबाईला दोनशे, कारण ती चुलीवरचा घाटा हाटायला, ढवळायला येते. कामिनी ओरडली, "आजी, तू तर मक्तेदार शेस!" तिनं नावं, भाव नि कारणं मोठ्या कागदावर लाल रंगानं लिहिली, कॉलेजात दाखवायला. रंग ओला होता, म्हणून कागद अंगणातल्या खाटेवर बिबड्यांशेजारी वाळत घातला. आणि गिऱ्हाईकं यायची ती त्याच खाटेशी!

कुसुमलताबाईंनी चष्मा लावून वाचलं, मग मंदाबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मंदाबाई म्हणाली, "माय वं, मी घाटा हाटू, अन् वरून दोनशे देऊ?" गुरुजींच्या नावापुढे 'लाजतात' असं कारण होतं. ते वाचून गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा भाव करून गेले.

दुसऱ्या दिवशी मंदाबाईनं दहा किलो नेले. घरात खाणारी तोंडं दोन! संध्याकाळी तेच बिबडे दोनशे तिसानं कुसुमलताबाईंच्या दारात. मी कपाळ धरलं, कामिनी नाचायला लागली. म्हणे, स्वस्तातलं गिऱ्हाईक महागातल्याला विकायला लागलं की मूल्यभेद संपला, हेच चौथ्या प्रश्नाचं उत्तर! वर्षभर मास्तरला जे शिकवता आलं नाही, ते माझा धंदा बुडाल्यावर तिला कळलं. परवा निकाल लागला, बासष्ट मार्क. स्थळांचे फोटो बाप परत करून आला.

वहिनीला नमस्कार, पोरांना पाठीत एक धपाटा.

तुमची धाकटी,
द्वारकी

ता.क. कामिनीनं त्या कागदाचा फोटो तुमच्या नातसुनेला, डिंपलला, धाडलाय. ती दाखवायला आली तर चष्मा सापडत नाही म्हणा. सगळ्यात वर तुमचं नाव आहे, चारशे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'भाऊ. भाव विचारत नाहीत.'

आणखी एक. गल्लीनं न घेतलेले सात किलो उद्याच्या एसटीनं पाठवते. भाव विचारू नका. विचारलात, तर तुम्हीही गल्लीतलेच झालात.